३२० किमी, २४ मिनिटं… आणि तिकिटावर एक तास दहा?

भिंगरी | सोमवार, २१:४२

दोन दिवस डोकं खातंय म्हणून शेवटी धागा काढला.

दोन छोटे विमानतळ आहेत. नावं मुद्दाम देत नाही, दिली की धागा त्या गावांवर जाईल आणि माझा प्रश्न तसाच राहील. दोन्हीकडून दिवसाला एखाद-दुसरं विमान सुटतं, तेही पंख्याचं, एटीआर ७२. अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन्ही नावं टाकली तर उत्तर आलं ३२० किमी, उड्डाणाचा वेळ २४ मिनिटं. तिकिटावर लिहिलंय १ तास १० मिनिटं. म्हणजे जवळजवळ तिप्पट!

मग म्हटलं आपणच मोजू. अक्षांश-रेखांश घेतले, स्प्रेडशीटमध्ये हॅव्हरसाइनचं (गोलावरच्या दोन ठिकाणांतलं अंतर काढायचं) सूत्र टाकलं. पहिलं उत्तर हजारो किलोमीटर आलं. (साइनला अंश नाही, रेडियन द्यायचे असतात, हे कळायला एक अख्खा रविवार गेला. हसू नका.) ते सुधारल्यावर आले ३४९ किमी. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर कालच्या उड्डाणाची रेघ बघितली तर तिथे ३५२. म्हणजे माझं बरोबर आणि संकेतस्थळाचं चूक, असंच ना? पण ३५० धरले तरी सत्तर मिनिटं कशी होतात?

मधल्या_सीटवाला | सोमवार, २१:५०

२४ मिनिटांचं सोपं आहे. ३२० भागिले ८००. संकेतस्थळाने तुम्हाला जेटमध्ये बसवलंय, आणि तेही आधीच हवेत, पूर्ण वेगात असलेल्या.

लघुकोन | सोमवार, २२:०३

रेडियनवरून मी तरी हसणार नाही, त्या खड्ड्यात सगळेच एकदा पडतात. पण ३४९ आणि ३५२ इतके जवळ आलेले बघून शंका येतेय. विमान कधीच अगदी नाकासमोर जात नाही. माग मोजलेलं अंतर आणि सूत्राचं अंतर तीन किमीच्या फरकाने जुळलं तर दोन्हीपैकी एकात घोळ असणार. स्प्रेडशीटमध्ये आकडे कसे टाकलेत ते जसेच्या तसे लिहाल का?

भिंगरी | सोमवार, २२:११

सोयीसाठी दोन्हींचा अक्षांश ४५ धरते, खरंही साधारण तेवढंच आहे. रेखांश एकाचा ७°५८′, दुसऱ्याचा १२°०२′. टाकताना ७.५८ आणि १२.०२.

लघुकोन | सोमवार, २२:१४

सापडला!

५८′ म्हणजे ५८ कला, अंशाचा साठावा भाग. दशांशात तो ०.५८ नाही, ५८ भागिले ६० म्हणजे ०.९७ होतो. म्हणजे रेखांश ७.९७ आणि १२.०३. फरक ४.४४ नाही, ४.०७ अंश. ४५ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण ७८.६ किमी भरतो (विषुववृत्तावर १११, ध्रुवावर शून्य, मध्ये कोसाइनच्या हिशेबाने). तुमच्या चुकीचे तेवढ्यात २९ किमी वाढले. नीट टाकलंत तर ३२० येतील. संकेतस्थळ बरोबर आहे.

भिंगरी | सोमवार, २२:२६

३१९.८. अरे देवा. म्हणजे चुकीचं उत्तर खऱ्या उड्डाणाच्या शेजारी जाऊन बसलं आणि मी दोन दिवस खूश होते.

पाटीपेन्सिल | सोमवार, २२:४०

एक बाळबोध शंका. नकाशावर लांबची विमानं कमान करून जाताना दिसतात. ३२० ते ३५२ हा फरक त्या कमानीचा नसेल?

लघुकोन | सोमवार, २२:५८

नाही. कमान सपाट नकाशामुळे दिसते. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता बृहद्वृत्ताचा, आणि हॅव्हरसाइन तोच मोजतं. लांबच्या प्रवासात त्याचा फायदा प्रचंड असतो. दोन ठिकाणं ६० अक्षांशावर, पण पृथ्वीच्या बरोब्बर विरुद्ध बाजूंना असली, तर अक्षांशाच्या रेषेवरून चालत गेल्यास सुमारे १०,००० किमी, ध्रुवावरून गेल्यास ६,६७० च्या आसपास. पण भिंगरीताईंच्या जोडीसाठी हाच हिशेब केला तर अक्षांशाची रेषा आणि बृहद्वृत्त यांत फरक पडतो ३४ मीटरचा. किमी नाही, मीटर. एटीआर ज्या धावपट्टीवर उतरतं तिची रुंदीच ३० मीटर असते.

पृथ्वी पूर्ण गोल नाही (विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवापाशी ६,३५७), म्हणून ६,३७१ ची सरासरी त्रिज्या वापरणारं सूत्र जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याने चुकतं. इथे दीड किमी. सोडून द्या.

विंडसॉक | सोमवार, २३:०५

त्यात अजून एक. काही संकेतस्थळं गाव ते गाव मोजतात, काही विमानतळ ते विमानतळ. विमानतळाचे अधिकृत अक्षांश-रेखांश एका संदर्भबिंदूचे असतात, तो साधारण धावपट्ट्यांच्या मधोमध धरतात. टर्मिनल नाही, गावही नाही. शिवाय एकक बघून घ्यायचं. तुमचे ३२० किमी म्हणजे १७३ सागरी मैल आणि १९९ साधे मैल. वैमानिक १७३ म्हणेल, संकेतस्थळ १९९ म्हणेल, आणि दोघांनी नुसतं 'मैल' म्हटलं की भांडण. सागरी मैल १,८५२ मीटरचा, १९२९ पासून.

जुना_डिस्पॅचर | मंगळवार, ०६:२०

सकाळी सकाळी धागा बघितला. आयुष्यभर हेच केलं, उड्डाणांचं नियोजन, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

तिकिटावर लिहिलेला वेळ उड्डाणाचा नसतोच. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. चाकाखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, दुसऱ्या टोकाला जागेवर येऊन थांबलं की बंद. त्यात चार वेळा नोंदतात: जागा सोडली, चाकं उचलली, चाकं टेकली, जागेवर आलं. तुमचं संकेतस्थळ फक्त मधल्या दोनांचा विचार करतं, तोही अर्धाच.

आता तुमचं उड्डाण घेऊ. आकडे अंदाजाचे आहेत, पण असं विमान साधारण असंच उडतं.

छोट्या विमानतळावर बऱ्याचदा धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाने जमिनीवरून चालत जायचा रस्ता, नसतो. मग विमान धावपट्टीवरूनच उलट चालत टोकापर्यंत जातं, तिथे पूर्ण वळतं आणि मग धावतं. तेवढा वेळ धावपट्टी दुसऱ्या कुणाला नाही. धरा ८ मिनिटं. पुढे चढण. छोट्या पल्ल्याला एटीआर पंचवीस हजार फुटांच्या कमाल उंचीला जातच नाही, चौदा ते अठरा हजारांत भागवतं. सतरा हजार फूट गाठायला १५ मिनिटं लागली आणि तोवर ९० किमी कापले, असं समजा. म्हणजे चढताना ताशी ३६०. नंतर खरा पूर्ण वेग, ताशी ५०० च्या आसपास. तो मिळतो किती वेळ? उतरायची सुरुवात फार आधी करावी लागते. दर हजार फुटांना तीन सागरी मैल हा आमचा ठोकताळा. सतरा हजारांना ५१ सागरी मैल, म्हणजे ९४ किमी आधी. त्यात धावपट्टीच्या रेषेत येण्याचा वळसा धरून ११० किमी, वेग कमी करत करत, १८ मिनिटं. तुमच्या ३५२ पैकी पूर्ण वेगाला उरले १५२ किमी. अठराच मिनिटं!

हवेत झाली ५१ मिनिटं. उतरल्यावर जागेवर यायला ४. आधीची ८ धरून ६३. उरलेली ७ म्हणजे कंपनीने उशीर झाला तर म्हणून ठेवलेली गादी, तिच्याबद्दल नंतर.

थोडक्यात, ज्या वेगाने तुम्ही भागाकार करता त्या वेगाने विमान सत्तरातली अठरा मिनिटं उडतं. पल्ला छोटा असला की अंतराचा हिशेब दुय्यम होतो.

मधल्या_सीटवाला | मंगळवार, ०८:१५

दंडवत काका! पण मग जेट लावलं तर निदान अर्धा वेळ वाचेल ना?

जुना_डिस्पॅचर | मंगळवार, ०८:३३

कुठला हो. टॅक्सी (जमिनीवरचं चालणं) तेवढीच, वळसे तेवढेच. बऱ्याच देशांत दहा हजार फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा आहे. जेटला तीही पाळायची. तुमच्या पल्ल्याला फार तर दहा-पंधरा मिनिटं वाचतील, आणि इंधन मात्र कितीतरी जास्त जाळेल. पंख्याची विमानं अशा मार्गांवर टिकून आहेत ती उगाच नाही.

खिडकीपाशी | मंगळवार, ०९:४७

मला नेहमी पडणारा प्रश्न इथेच विचारते. खाली गाव दिसतं, धावपट्टी दिसते, मनात म्हणते आलंच. आणि विमान सरळ पुढे निघून जातं! मग लांब वळसा घालून पाठीमागून येतं. एकदा तर माझ्या शेजारचे काका घाबरून म्हणाले, "हा विसरला की काय?"

विंडसॉक | मंगळवार, १०:०२

विसरत नाही, वारा बघतो. विमान उडतं आणि उतरतं शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन. धावपट्टीच्या टोकांवरचे आकडे दिशेचे असतात: ०९ म्हणजे ९० अंश, पूर्वेकडे तोंड, दुसरं टोक २७, पश्चिमेकडे. तुम्ही पश्चिमेकडून आलात आणि वारा पूर्वेकडून असेल तर सरळ ०९ वर उतरलात, मजा. वारा पश्चिमेचा असेल तर अख्खं विमानतळ ओलांडून पलीकडे जायचं, वळायचं आणि २७ वर यायचं.

दुसरं असं की छोट्या विमानतळांवर यंत्रांच्या मदतीने उतरायची सोय पुष्कळदा एकाच टोकाला असते. ढग खाली असले की तुम्ही कुठूनही या, त्याच टोकाला जावं लागतं. वाटेत डोंगर, लष्कराचं आकाश वगैरे वेगळंच. ३२० चे ३५२ होतात ते असे.

पाटीपेन्सिल | मंगळवार, १०:३०

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर: जाताना वारा समोरून असला की येताना पाठीमागून. म्हणजे फिटंफाट.

लघुकोन | मंगळवार, १०:५१

फिटंफाट होत नाही, हीच गंमत. काकांचे ३५२ किमी ५१ मिनिटांत, म्हणजे सरासरी ताशी ४१४. आता ताशी ६० चा वारा धरा. समोरून असेल तर वेग ३५४, वेळ ५९.७ मिनिटं. पाठीमागून असेल तर ४७४, वेळ ४४.६. बेरीज १०४.३. वारा नसता तर १०२. दोन मिनिटं गेलीच. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, मदतीच्या वाऱ्यात कमी. वारा वाढवा, तोटा आणखी वाढतो. अगदी आडवा वारा असला तरी तोटाच, कारण नाक वाऱ्याकडे थोडं वळवून उडावं लागतं.

गरुडझेप७ | मंगळवार, ११:२०

तुम्ही सगळे मूळ मुद्दा विसरताय. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे गाव स्वतःच चालत येतं. त्यामुळे तिकडे जाताना वेळ कमीच लागणार.

लघुकोन | मंगळवार, ११:२४

हवाही पृथ्वीबरोबर फिरते, विमानही. हेलिकॉप्टर जागेवर तासभर तरंगत ठेवलं तर खालचं गाव बदलत नाही.

गरुडझेप७ | मंगळवार, ११:२९

मग लांबच्या प्रवासात पूर्व-पश्चिम फरक का पडतो?

विंडसॉक | मंगळवार, ११:४०

वरच्या थरातल्या पश्चिमेकडून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यामुळे, जेट स्ट्रीममुळे. त्यामुळे पूर्वेला जाणारं विमान लवकर पोचतं, म्हणजे तुमच्या म्हणण्याच्या बरोब्बर उलट. आणि हा वारा साधारण तीस-चाळीस हजार फुटांवर असतो. सतरा हजारांवरच्या एटीआरला त्याचा पूर्ण जोर लागत नाही.

गरुडझेप७ | मंगळवार, ११:४४

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

दोन_घड्याळं | मंगळवार, १३:१०

तिकिटावरचे वेळ वजा करून उड्डाणाचा वेळ काढणाऱ्यांनो, जपून. दोन्ही वेळ स्थानिक असतात. ऑस्ट्रेलियातली ही जोडी बघा: ब्रोकन हिल आणि मिल्ड्युरा. दोन्ही छोटे विमानतळ, सरळ अंतर अडीचशे किमीच्या आसपास, आणि जोडी बऱ्यापैकी उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे वेळ बदलेल असं कुणाला वाटणारही नाही. पण ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्स राज्यात असूनही घड्याळ शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाचं पाळतं, आणि मिल्ड्युरा व्हिक्टोरियाचं. फरक अर्ध्या तासाचा. तासाभराचं उड्डाण एका बाजूने जाताना कागदावर दीड तासाचं दिसेल, परत येताना अर्ध्या तासाचं. वैमानिक तोच, विमान तेच.

भिंगरी | मंगळवार, १३:३५

हे भारीच! माझ्या दोन्ही गावांचं घड्याळ एकच आहे, तपासलं.

काका, ती सात मिनिटांची गादी राहिली. आणि एक तक्रार. मागच्या वेळी विमानात बसलो, उजवीकडचं इंजिन घरघरत होतं, वाटलं निघालो. वीस मिनिटं तसेच बसून होतो.

जुना_डिस्पॅचर | मंगळवार, १४:०८

उजवीकडचंच ना? आणि पंखा फिरत नव्हता? एटीआरला शेपटीत वेगळं छोटं इंजिन नसतं. म्हणून उभं असताना उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात. त्यावर वीज आणि थंड हवा मिळते. त्याला 'हॉटेल मोड' म्हणतात. नाव छान आहे, खोलीसेवा नाही. इंजिन चालू म्हणजे निघालो असं नाही. पंखा फिरायला लागला की मग पट्टा आवळा.

गादीचं असं. जगभर वेळेवर म्हणजे १५ मिनिटांच्या आत, असा रिवाज आहे. छोट्या पल्ल्याचं एकच विमान दिवसभरात सहा-आठ फेऱ्या मारतं. पहिल्या फेरीत दहा मिनिटं गेली आणि ती कुठे भरून निघाली नाहीत, तर संध्याकाळपर्यंत त्यांचा डोंगर होतो. मोठ्या विमानतळाकडे जाताना आकाशात रांग असली की चकरा माराव्या लागतात. एक नेहमीची चक्कर चार मिनिटांची: अर्धवर्तुळ एक मिनिट, सरळ एक, पुन्हा अर्धवर्तुळ, पुन्हा सरळ. दोन चकरा मारल्या की तुमची गादी संपली. म्हणून लोक म्हणतात विमान 'दहा मिनिटं आधी पोचलं', तेव्हा आम्ही गालात हसतो. आधी कुठलं पोचतंय, गादी वापरावी लागली नाही एवढंच.

खिडकीपाशी | मंगळवार, १४:५०

गादीवरून माझ्या जुन्या जखमेवरची खपली निघाली. एका छोट्या विमानतळाला रात्री उतरायचे दिवे नव्हते. विमान आधीच्या फेरीत पाऊण तास उशिरा, सूर्यास्ताची वेळ ठरलेली. दारापर्यंत नेलं आणि सांगितलं, आता जाऊन उपयोग नाही, तिथे पोचेपर्यंत अंधार होईल. ३०० किमी! आम्ही रात्रभर बसने गेलो. त्या दिवशी माझा 'प्रवासाचा वेळ' अकरा तास.

विंडसॉक | मंगळवार, १५:०५

हे अगदी खरं दुखणं आहे. काही ठिकाणी दिवे असतात, पण विमानतळाच्या कामकाजाचे तासच संपतात. मोठ्या विमानतळाला उशीर म्हणजे उशीर. छोट्याला उशीर म्हणजे कधी कधी उद्या.

जाता जाता, भिंगरीताई, ॲपवरच्या मागावर डोळे झाकून विश्वास नको. विमान स्वतःची जागा रेडिओवरून सांगतं, जमिनीवरचा रिसीव्हर ते ऐकतो, आणि मधे डोंगर किंवा क्षितिज आलं की ऐकू येणं बंद. छोट्या विमानतळाजवळ रिसीव्हर नसेल तर विमान तीन-चार हजार फुटांवरच नाहीसं होतं. शेवटचा तुकडा ॲप अंदाजाने जोडतं. तुमचे ३५२ पाच-सात किमी इकडे-तिकडे असू शकतात.

भिंगरी | मंगळवार, २२:१८

स्प्रेडशीट नव्याने केली. वर्णन करते, चूक असेल तर लघुकोन सांगतीलच.

काकांच्या हिशेबात अंतर वाढलं की वाढतो फक्त मधला, पूर्ण वेगाचा तुकडा. चढण, उतरण, टॅक्सी, गादी तशीच राहते. ताशी ५०० म्हणजे दर १०० किमीला १२ मिनिटं. ३२० किमीची झाली साधारण ३८. सत्तरातून वजा केली तर उरतात ३२. म्हणजे माझं सूत्र: ३२ मिनिटं, अधिक दर शंभर किमीला १२.

याच कंपनीचा, याच विमानाचा दुसरा मार्ग शोधला, ४८० किमीचा. सूत्राने आली ८९.६ मिनिटं. वेळापत्रकात दीड तास! मी खुर्चीतून उठून नाचले.

लघुकोन | मंगळवार, २२:३१

नाचा, हक्क आहे. फक्त एका मार्गावर जुळलं म्हणून सूत्र सिद्ध होत नाही, ३४९ आठवतंय ना? (हलके घ्या.) आणखी चार-पाच मार्ग घ्या, जाताचे-येताचे वेगळे मांडा. वाऱ्याची दिशा कंपनीने वेळापत्रकात धरली असेल तर तिथे दिसेल.

मधल्या_सीटवाला | मंगळवार, २२:४४

मी तुमचं सूत्र जगातल्या सगळ्यात छोट्या नियमित उड्डाणाला लावून पाहिलं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, १९६७ पासून चालू, अंतर साधारण २.७ किमी. सूत्राने आली ३२ मिनिटं. वेळापत्रकात २ मिनिटं आहेत, आणि विक्रम ५३ सेकंदांचा. :)

भिंगरी | मंगळवार, २२:४७

गेलं पाण्यात!

जुना_डिस्पॅचर | बुधवार, ०६:०५

पाण्यात वगैरे काही नाही. ते आठ-नऊ माणसांचं आयलंडर विमान. मैदानावर चार पावलं चाललं की उडालं, आणि काहीशे फुटांवर गेलं की उतरायला लागलं. त्याला चढायचंच नाही, तर तुमची ३२ मिनिटं येतील कुठून? सूत्र एटीआरचं आहे, ते एटीआरलाच लावा. २०१६ मध्ये बोडेन्से सरोवराच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर एका देशातून दुसऱ्या देशात आठ मिनिटांचं उड्डाण चालू केलं होतं, वीसेक किमीचं, स्वित्झर्लंडमधल्या आल्टेनऱ्हाइनपासून जर्मनीतल्या फ्रीडरिशहाफेनपर्यंत, तेही जेटने. पुढच्या वर्षी बंद पडलं.

जाताचे-येताचे आकडे काढलेत की इथेच टाका. आणि अंश-कला बघून.